भिलाईतील उपवासाचे ताट

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाचा श्रावण शेजाऱ्यांच्या हिशेबाने पंधरा दिवस आधीच संपलेला असतो. राखीपौर्णिमा झाली की छत्तीसगढी पंचांगात भाद्रपद लागतो. आपल्या घरी मात्र वद्य पक्षाचा श्रावण अजून चालू असतो. त्या पंधरवड्यातील षष्ठीला तेथील बायका कमरछठ पाळतात. हलषष्ठी हे तिचे पोथीतले नाव. दुर्ग-भिलाईच्या बाजारांत त्याच्या आधीचे चार दिवस एक विशेष दृश्य दिसते. रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायकांपुढे लहान लहान टोपल्यांत तांबूस, बारीक, किंचित ओबडधोबड तांदूळ असतो, आणि ज्या प्रदेशाला भाताचे कोठार म्हणतात त्या प्रदेशात हा तांदूळ किलोने नव्हे, पावशेराच्या बेताने विकला जातो. किंमत विचारली तर नवख्या माणसाच्या कपाळावर आठ्या पडतात. हा पसहर चाऊर. तो कोणी पेरीत नाही. तळ्याच्या काठी, पाणथळीत, बांधाच्या कडेला तो आपोआप उगवतो. पिकला की दाणा लगेच गळून पडतो, म्हणून गळण्यापूर्वीच तो मोठ्या मेहनतीने गोळा करावा लागतो.

कमरछठीचा नियम असा की नांगरलेल्या जमिनीतले काही खावयाचे नाही. नांगर हे बलरामाचे आयुध, आणि ती त्याची जन्मतिथी. त्या दिवशी व्रतस्थ बाई नांगरलेल्या शेतात पाऊलही घालीत नाही. अंगणात छोटा खड्डा खणून त्यात पाणी भरतात, त्याला सगरी म्हणतात, तिच्याभोवती कासाचे तुरे आणि पळसाच्या डाहळ्या रोवतात, आणि मुलांच्या आयुष्यासाठी कथा ऐकतात. दुपारनंतर पसहराचा भात, म्हशीचे दूध-दही आणि सहा प्रकारच्या भाज्या एवढेच जेवण. सहा भाज्या कोणत्या हे घरोघर थोडे बदलते; कोठे मुनगा म्हणजे आपला शेवगा असतो, कोठे चेचभाजी, कोठे भोपळ्याचा पाला. पण संख्या सहाच.

या ताटाकडे मी कित्येक वर्षे केवळ कुतूहलाने पाहत आलो. त्याचा आपल्या घरच्या उपवासाशी आणि मधुमेहाशी काही संबंध असेल हे ध्यानात यावयाला एक प्रसंग घडावा लागला.

माझ्या आईला बरीच वर्षे मधुमेह आहे. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे उतारवयात, हळूहळू आलेला. तिची संकष्टी मात्र त्याहून जुनी. डॉक्टरांनी एकदा तिला सांगितले, "आजी, आता उपवास सोडा." ती शांतपणे म्हणाली, "सोडते की. चंद्रोदय झाला म्हणजे." मराठी भाषेतील एका क्रियापदाने वैद्यकशास्त्राचा असा पराभव केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आपल्याकडे उपवास करणे आणि उपवास सोडणे या एकाच कर्माच्या दोन बाजू आहेत. तो कायमचा टाकावा हा अर्थ त्या शब्दाला सहजासहजी चिकटतच नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका संकष्टीला तिने नेहमीप्रमाणे सकाळी साखरेची गोळी घेतली. वर फक्त चहा. दुपारी साबुदाण्याची खिचडी व्हावयाची होती, पण पाहुणे आल्यामुळे ती राहून गेली. चार वाजता तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे विस्कळीत झाले. मी घरी नव्हतो. शेजारच्या छत्तीसगढी बाईंनी खूण ओळखली आणि वाटीभर पाण्यात साखर विरघळवून तिला घोट घोट पाजली. त्यांच्या घरातही हा रोग होता. आई सावरल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "उपवास मोडला का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जो इतिहास भेटला तो येथे सांगावयाचा आहे.

प्रथम, ही संकष्टी भिलाईत पोचली कशी? मराठी माणूस छत्तीसगढात पोलादाबरोबर आला अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार पाहत होते. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा मुलूखही इंग्रजांकडे गेला. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्यामुळे कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेचे नोकर यांची नागपूर-दुर्ग अशी ये-जा चालूच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि एका प्रांतातली ही दोन गावे दोन राज्यांत गेली. त्याच सुमारास भिलाई घडत होती. सोव्हिएत रशियाशी पोलादाच्या कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला होता. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. सेक्टरांतील एकसारख्या क्वार्टरांत एका भिंतीपलीकडे तेलुगू, दुसऱ्या भिंतीपलीकडे बंगाली, समोर पंजाबी अशी वस्ती झाली. प्रत्येकाने आपापला देव आणला आणि आपापला उपवासही आणला.

कारखान्याला तिथी नसते. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, असे दिवसाचे तीन तुकडे होतात आणि माणूस आठवड्याआठवड्याने या तुकड्यातून त्या तुकड्यात जातो. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजावयाची एकादशी रात्रपाळीच्या माणसाने कशी मोजावी? माझे वडील रात्रपाळीहून सकाळी येत, दूध पिऊन झोपत आणि दुपारी उठून फराळ करीत. पुन्हा रात्री डबा घेऊन जात. त्या डब्यात खिचडी, बटाट्याचे पापड आणि राजगिऱ्याचा लाडू असे. एकादशीच्या दिवशी घरात नेहमीपेक्षा अधिक शिजते हे आपल्या म्हणीने फार पूर्वीच ताडलेले आहे. त्या काळी ते पचतही असे. भट्टीपुढे आठ तास उभा राहणारा माणूस पुष्कळ काही पचवतो. निवृत्तीनंतर भट्टी गेली, डबा मात्र राहिला, आणि त्यांनाही अखेरच्या वर्षांत गोळ्या सुरू झाल्या.

आता शास्त्राकडे वळू. आपण ज्याला सरसकट उपवास म्हणतो त्याचे धर्मशास्त्राने बारीक भेद केले आहेत. दिवसातून एकदाच दुपारी जेवणे ते एकभुक्त. दिवसभर न खाता रात्री जेवणे ते नक्त. न मागता मिळेल तेवढेच खाणे ते अयाचित. आणि काहीही न खाणे ते उपोषण. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा जो प्रचंड ऊहापोह केला आहे, त्यात हे प्रकार आणि त्यांचे अपवाद विस्ताराने आले आहेत. आजच्या आरोग्यविषयक लेखांतून ठरावीक तास खाणे आणि ठरावीक तास न खाणे याची जी नवलाई सांगितली जाते, ती आपल्या आजीला नक्त या नावाने ठाऊक होती. संकष्टी म्हणजे दुसरे काय?

पण मला अधिक मोलाचा वाटला तो अपवादांचा भाग. ज्यांच्या सेवनाने वा पालनाने व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी स्मृतिकारांनी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि हविष्यान्न ही त्यांत आहेत. ब्राह्मणाची इच्छा आणि गुरूची आज्ञा आहे. आणि शेवटची गोष्ट आहे औषध. एकादशीचे बंधनही त्यांनी आठ वर्षांखालील मुलाला आणि ऐंशी वर्षांवरील वृद्धाला घातलेले नाही. आजाऱ्याला सवलत आहे. अनेक घरांतून उपवासाच्या दिवशी गोळी 'चालत नाही' म्हणून टाळली जाते, किंवा गोळी घेऊन अन्न टाळले जाते. या दोहोंपैकी एकाही गोष्टीला शास्त्राचा आधार नाही. आईच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला असे दिले की साखरेचे पाणी त्या घटकेला औषध होते, आणि औषधाने व्रत मोडत नाही. तिने ते मान्य केले. माझ्या शब्दावर नव्हे, ऋषींच्या.

आता प्रश्न ताटातल्या पदार्थांचा. उपवासाला काय चालते हे आपण इतक्या ठामपणे सांगतो की ती यादी सृष्टीच्या आरंभी ठरली असावी असे वाटते. साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा ही नावे एकापुढे एक ठेवून पाहा. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग शोधण्यापूर्वी हिंदुस्थानात त्यांपैकी एकही नव्हते. राजगिऱ्याच्या धान्य देणाऱ्या जातीही तिकडच्याच. साबुदाण्याची कथा तर त्याहून गमतीची. सागो हे नाव मलाया-इंडोनेशियातील एका माडाच्या गरापासून काढलेल्या पिठाचे. आपण खातो तो साबुदाणा त्या माडाचा नव्हेच. तो टॅपिओका, म्हणजे कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचा, आणि हा कंदही दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरच्या राजांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा माल थांबला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलमला या कंदापासून दाणे बनविण्याचा धंदा उभा राहिला, आणि आज आपल्या एकादशीचा साबुदाणा बहुतांशी त्याच भागातून येतो. ज्याला आपण सनातन फराळ म्हणतो तो अशा रीतीने लिस्बनच्या गलबतांचा आणि महायुद्धाच्या टंचाईचा ऋणी आहे.

हे मी कुचेष्टेने सांगत नाही. परदेशी पदार्थ पवित्र मानण्यामागे तर्क होता: ज्या धान्यांवर रोजचे जेवण चालते ती वर्ज्य, मग जे धान्यच नव्हे ते चालावे. आपल्या पूर्वजांनी नव्या कंदांना जुन्या नियमात बसविले, एवढेच. परंतु मधुमेह्याच्या दृष्टीने या तर्काचा परिणाम विपरीत झाला. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असते आणि प्रथिन एक ग्रॅमही नसते. तंतू जवळजवळ नाहीतच. गव्हाची पोळी टाकून साबुदाणा घेणे म्हणजे साखर हळू वाढविणारे अन्न टाकून ती झपाट्याने वाढविणारे घेणे होय. त्यावर बटाटा घातला, वर साखरेची चिमूट टाकली, आणि जोडीला गोड दही घेतले की उपवासाच्या दिवशीचे रक्त तपासावयास भीती वाटावी.

मग त्या गलबतांपूर्वी आपण उपवासाला काय खात होतो? याचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते: वैद्यकाच्या ग्रंथांत, आणि तेही नेमके प्रमेहाच्या अध्यायात. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार केले आहेत, जन्मतः असलेला आणि अपथ्यामुळे झालेला. पहिल्याचा रोगी बहुधा कृश, दुसऱ्याचा स्थूल. चरकानेही स्थूल रोग्याला शोधन आणि कृशाला पोषण अशी स्पष्ट वाटणी केली आहे. उपवास सर्वांना सारखा नव्हे, हे इतक्या जुन्या काळी कोणी लिहून ठेवावे याचे मला फार अप्रूप वाटते. चरकाने प्रमेह्याच्या आहारात जवाला अग्रस्थान दिले. सुश्रुत जुन्या धान्यांत जव, गहू यांच्याबरोबर कोद्रव सांगतो, आणि पुढे जाऊन एक विलक्षण उपचार देतो: निर्धन रोग्याने छत्री-जोड्यावाचून, भिक्षा मागत, एका गावी एका रात्रीहून अधिक न राहता शंभर योजने चालावे, श्रीमंताने श्यामाक आणि नीवार खाऊन, आवळा-कवठ यांसारख्या फळांवर, हरिणांच्या संगतीत वनात राहावे, आणखी कोणाला त्याने विहीर खणावयास सांगितली आहे. आजचे डॉक्टर चालावयास सांगतात तेव्हा त्यांचा आकडा बराच सौम्य असतो.

श्यामाक म्हणजे सावा, आपल्या भगरीच्या कुळातले तृणधान्य. कोद्रव म्हणजे कोदो; छत्तीसगढच्या डोंगराळ भागात कोदो आणि कुटकी ही गरिबाची धान्ये म्हणून शतकानुशतके पिकत आली आहेत, आणि २०२१ साली राज्य सरकारने त्यांची आधारभूत किमतीने खरेदी सुरू केल्यापासून ती शहरी दुकानांत मानाने बसली आहेत. आणि नीवार? नीवार म्हणजे न पेरता उगवणारा रानभात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९६५ साली रानभाताच्या एका जातीला हेच संस्कृत नाव दिले. रायपूरला राहून छत्तीसगढ आणि मध्य प्रदेशातील भाताचे सुमारे १९,००० नमुने गोळा करणारे डॉ. रा. ह. रिछारिया यांच्यामुळे या प्रदेशाची भातसंपत्ती जगाला ठाऊक झाली. तळ्याकाठी गोळा होऊन कमरछठीला येणारा पसहर हा त्याच रानभाताच्या गोतातला. सुश्रुताच्या वनवासी रोग्याचे अन्न आणि आमच्या शेजारणीच्या व्रताचे अन्न एकाच तळ्याच्या काठचे आहे, हे मला कळले तेव्हा मी तिच्या ताटाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आणि त्याच वेळी आठवले की हे ताट आपल्याही घरी आहे. कमरछठीनंतर दोन आठवड्यांनी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खावयाचे नाही, हाताने लावलेले वा आपोआप उगवलेले तेवढेच घ्यावयाचे. अळू, माठ, भेंडी, लाल भोपळा यांची ऋषीची भाजी आणि तिच्याबरोबर वरी. कोकणात कित्येक ठिकाणी देवभात म्हणून रानातला तांदूळच मिळवतात. नांगर वर्ज्य, बैलाचे श्रम वर्ज्य, रानचे धान्य, भरपूर पाला. एकाच विचाराची ही दोन नावे. तीजही तशीच: आपली हरितालिका आणि त्यांची तीजा एकाच तिथीला येतात, फक्त त्यांच्याकडे आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाण्याचा रिवाज आहे, त्याला करू भात म्हणतात. माहेरी आलेल्या लेकीला कडू वाढणारा हा बहुधा एकच सण असावा.

पाश्चात्य वैद्यकानेही उपवासाचा रस्ता एकदा चालून पाहिला होता. १८७० साली पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली, आणि बूशार्दा या वैद्याच्या लक्षात आले की त्याच्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर कमी झाली आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याने उपाशी ठेवण्याचीच उपचारपद्धती केली. मोठ्या माणसांचे त्यात काही बरे झाले; मुले मात्र साखरेऐवजी उपासमारीने खंगत गेली. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये इन्सुलिन पहिल्याने माणसाला टोचले गेले आणि तो क्रूर काळ संपला. पुढे १९५५-५६ मध्ये जर्मनीत सल्फोनिलयुरिया जातीच्या गोळ्या आल्या, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झां स्टर्न याने मेटफॉर्मिनचा वापर प्रसिद्ध केला. भिलाईची झोतभट्टी आणि मधुमेहाची गोळी ही अशी समवयस्क आहेत.

माझ्या मते या कथेतील खरे वळण येथे आहे. गोळ्यांपूर्वीचा मधुमेही उपवास करी तेव्हा त्याची साखर फार तर कमी वाढे. ती घातक पातळीखाली जाण्याचा प्रश्न सहसा नव्हता. इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया आल्यावर उपवासाचा स्वभावच बदलला. अन्न पोटात गेले आहे की नाही याची ही औषधे वाट पाहत नाहीत. ती आपले काम करीत राहतात, आणि रिकाम्या पोटी साखर ७० च्या खाली घसरते. आईला चार वाजता जो घाम सुटला तो व्रताचा दोष नव्हता, आणि गोळीचाही नव्हता. दोन निरनिराळ्या युगांतल्या गोष्टी एकमेकींना न विचारता एका दिवशी एकत्र आल्या होत्या. एकट्या मेटफॉर्मिनने हा धोका फारसा नसतो. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या अलीकडच्या गोळ्यांनी मात्र लांबलेल्या उपवासात शरीरातील पाणी घटून रक्तात आम्ले वाढण्याचे दुसरे संकट येऊ शकते. म्हणून उपवास करावयाचा की नाही यापेक्षा, कोणती गोळी चालू आहे आणि त्या दिवशी तिची मात्रा व वेळ काय असावी, हा प्रश्न डॉक्टरांना आदल्या आठवड्यात विचारला पाहिजे. "उपवास सोडा" या आज्ञेपेक्षा तो संवाद अधिक उपयोगी पडतो, कारण ती आज्ञा पाळली जात नाही, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते.

आपल्या काळात मराठी मुलखात या विषयाला पुन्हा उजाळा मिळाला तो नागपूरकडून. अनेक पदव्या मिळविणारे म्हणून ख्यात असलेले डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) हे दिवसातून दोनदाच, कडकडीत भूक लागेल तेव्हा जेवावे असे आपल्या व्याख्यानांतून सांगत. प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन स्रवते, तेव्हा खाण्याच्या वेळा कमी कराव्या असा त्यांचा युक्तिवाद होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे त्याचा मोठा प्रसार केला, आणि पंचावन्न मिनिटांत संपणारी दोन जेवणे हा घराघरांतला विषय झाला. नागपूरचे नातेवाईक असलेल्या भिलाईच्या घरांत तो केव्हाच पोचला. सकाळ आणि संध्याकाळ अशी दोनच जेवणे माणसाला विहित आहेत असे आपले जुने ग्रंथही सांगतात; तेव्हा यात नवे काय असे कोणी विचारील. नवे हे की आता मोजमाप आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. काही महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींवर राहून, वजन उतरवून, नंतर सावकाश नेहमीच्या अन्नाकडे आणलेल्या रोग्यांपैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षाअखेर औषधावाचून मधुमेहाच्या रेषेखाली होती. हा काही उपवास नव्हे, आणि त्यांतले सारे रोगी सहा वर्षांच्या आतले व इन्सुलिन न घेणारे होते, हेही सांगितले पाहिजे. आईसारख्या जुन्या रोग्याला ते गणित लागू करणे धाडसाचे ठरेल. देशात २०२१ साली १० कोटी १० लाख मधुमेही असावेत असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या स्थूल, नव्याने रोग जडलेल्या पुष्कळांना मात्र हे दार उघडे आहे.

आईचे ताट त्या प्रसंगानंतर हळूहळू बदलले. साबुदाणा बंद झाला असे नाही. आषाढीला तो दोन चमचे नैवेद्यापुरता होतो, नाहीतर तिला एकादशी झाल्यासारखी वाटत नाही. त्याच्या जागी भगर आली, पण तीही मूठभरच, कारण भगर काही साखरमुक्त नव्हे. तिच्यात तंतू आणि प्रथिन साबुदाण्यापेक्षा बरे, एवढाच तिचा मोठेपणा. (पावसाळ्यात भगर आणि तिचे पीठ जुने, दमट घेऊ नये, बुरशी लागलेल्या भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या दर नवरात्रात येतात.) तिच्यावर दाण्याची आमटी, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिन असते. सोबत दह्यातली काकडी, लाल भोपळ्याचे भरीत किंवा सुरण. राजगिऱ्याचा गुळातला लाडू जाऊन राजगिऱ्याची भाकरी आली. गूळ हा साखरेचा सभ्य भाऊ आहे आणि रक्ताला त्यांच्यातला फरक कळत नाही, हे पटवावयास मात्र दोन वर्षे लागली. संकष्टीला तिची सकाळची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलली. दुपारी एक लहान फराळ आणि चंद्रोदयाला जेवण असे ठरले. जेवणाच्या त्या ताटात मोदक एकच. घरात रक्त तपासण्याचे यंत्र आहे, आणि साखर सत्तरच्या खाली गेली किंवा हात कापू लागले तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून तेथल्या तेथे घ्यावयाची, देवाला नंतर सांगावयाचे, हा करार झाला आहे. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा, हे घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवले आहे.

शेजारणींच्या घरी मी एकदा चौकशी केली की कमरछठीच्या ताटाने त्यांची साखर खरोखर आटोक्यात राहते काय. त्या हसल्या. वर्षातून एका दिवसाने काय होणार, असे त्यांचे म्हणणे. आणि पसहरही शेवटी भातच. परंतु त्यांनी एक गोष्ट दाखविली ती मी विसरलो नाही. पानावर भात होता वाटीभर, आणि सहा भाज्या मिळून त्याच्या तिप्पट. पसहर इतका महाग की तो पोटभर खाणे कोणाला परवडत नाही. महागाईने आहारशास्त्राची अशी सोय क्वचितच केली असेल.

गेल्या कमरछठीच्या आदल्या दिवशी आई स्वतः बाजारात आली. टोपलीपुढे वाकून तिने दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून पाहिली, आणि मोजून पावशेर पसहर घेतला. कमरछठ आपल्यात नसते, हे मी तिला सांगितले. तिने पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली, "कमरछठीला नको रे. पंचमीला लागेल. पंधरा दिवसांनी दर विचारायला आलास तर कळेल."

पंधरा दिवसांनी मी गेलो. टोपल्या उठलेल्या होत्या.